पत्रिका दिलेली नाही

दीक्षा तायडेचा राग नाकावर असतो, असं तिच्या ऑफिसात सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. नाकावरचा राग एका शिंकेत जातो. दीक्षाचा राग बरणीतल्या लोणच्यासारखा मुरलेला असतो, आणि ती तो कुणालाही न मागता वाढू शकते. कोथरूडच्या ज्या छोट्या कंपनीत ती वेबसाइट बनवायचं काम करते, तिथले लोक म्हणूनच चहाच्या वेळी आधी तिचा चेहरा बघतात आणि मग खुर्ची ओढतात.

तिच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचा राग कळायचा नाही. घाबरू नका, अवघड नाही. पूर्वी वेबसाइटचं पान करायचं म्हणजे ब्राउझरला बोट धरून चालवावं लागे. हा चौकोन उचल, तो मजकूर पूस, आता इथे नवीन लिही, आता बटण लाल कर. एक पायरी विसरली की सगळ्या पानाचा विचका. दीक्षानं नोकरीची पहिली वर्षं त्यातच घातली. नव्या फ्रेमवर्कांत, म्हणजे पानाचा तयार सांगाडा देणाऱ्या साधनांत, ती कटकट नाही. तुम्ही फक्त सांगायचं, माहिती अशी असेल तर पडदा असा दिसला पाहिजे. कसा, ते फ्रेमवर्क बघून घेतं. आपण खानावळीत बसून 'एक थाळी' म्हणतो, आत जाऊन आमटीला फोडणी कशी घालायची ते शिकवत नाही, तसंच. ह्याला डिक्लेरेटिव्ह पद्धत म्हणतात आणि दीक्षाला ती मनापासून आवडते. तिचं दुखणं एवढंच, की तिचे साहेब अनिरुद्ध सर हीच पद्धत जिवंत माणसांवर वापरतात. 'सोमवारी साइट चालू दिसली पाहिजे,' एवढं बोलून ते घरी जातात. कशी, ते दीक्षा बघून घेते. रविवार तिचा जातो आणि अभिनंदनाचा मेल त्यांना येतो.

तर झालं असं, की कंपनीकडे एका वधूवर सूचक केंद्राचं काम आलं. केंद्राच्या मालकीण नम्रताताई. बोलायला गोड, वागायला गोड, आणि कुठल्या सोसायटीत कोण लग्नाचं झालंय हे त्या घरातल्यांच्या आधी त्यांना ठाऊक. आजवर सगळा कारभार फायलींत आणि फोटोंच्या पाकिटांत होता, तो आता त्यांना वेबसाइटवर हवा होता. प्रत्येक स्थळाचं एक पान. वर फोटो, खाली शिक्षण आणि नोकरी, मधोमध एक चौकट.

खरी मेख त्या मधल्या चौकटीत होती. दीक्षानं ती रिकामीच ठेवली होती. स्थळाची माहिती वाचायची आणि तिथे कुठलं कार्ड बसवायचं ते पानानं स्वतः ठरवायचं. मराठा असतील तर कुळी आणि देवक सांगणारं कार्ड, जैन असतील तर त्यांचं, ख्रिश्चन असतील तर चर्चचं नाव सांगणारं. चौकट एकच, आत बसणारं कार्ड माणसागणिक वेगळं. डायनॅमिक कंपोनंट म्हणतात ह्याला. नीट केलं तर फार देखणं काम असतं, आणि दीक्षा काम नीटच करते. फक्त शेवटी एक ओळ लिहावी लागते. कुठलंच नाव जुळलं नाही, किंवा कुणी समाजच सांगितला नाही, तर त्या जागी काय दाखवायचं? ह्या ओळीला डीफॉल्ट म्हणतात.

"डीफॉल्टला काय ठेवू?" दीक्षानं मीटिंगमध्ये विचारलं.

"पत्रिका," नम्रताताई म्हणाल्या. "रास, नक्षत्र, गण, नाडी, मंगळ. ते काय हो, सगळ्यांनाच लागतं."

"सगळ्यांची पत्रिका नसते, ताई."

"नसते कशी? मूल झालं की करतातच ना."

"आमच्यात नसते," दीक्षा म्हणाली. "बौद्धांचं वेगळं कार्ड करू या का? माझं एका दिवसाचं काम आहे."

खोलीत एकदम शांतता झाली. पुण्यातली ही शांतता फार सुसंस्कृत असते. वाईट कुणीच काही बोलत नाही. कुणी चष्मा पुसायला घेतं, कुणी कपात उरलेला चहा न्याहाळतं. मग अनिरुद्ध सरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "व्हॅलिड पॉइंट आहे. ते आपण फेज टूमध्ये घेऊ." फेज टू म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांनी सुखात राहावं. कचेरीत जसं 'साहेब जेवायला गेलेत' असतं, तसं आयटीत फेज टू असतं.

त्यावर नम्रताताईंनी आणखी एक मागणी केली. पत्रिका नसेल तर तिथे लाल पट्टी यावी. 'पत्रिका दिलेली नाही. प्रोफाइल अपूर्ण.' आणि अपूर्ण स्थळं शोधताना सगळ्यांत खाली जावीत, म्हणजे लोक आपोआप पुरी माहिती भरतील. दीक्षानं हरकतीचा मेल लिहिला. त्याला उत्तर म्हणून अनिरुद्ध सरांकडून एक अंगठा आला. तो होकार होता की निरोप, देव जाणे. तिनं दात ओठ खात ती पट्टी बनवली, आणि बनवली तीसुद्धा अशी सुरेख, की लांबून दिसावी. वाईट काम वाईट करायची तिला सवयच नाही.

आता घरचं. दीक्षाचे वडील रतन तायडे मूळचे अकोल्याकडचे. पोरसवदा वयात पुण्याला आले आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागून तिथूनच निवृत्त झाले. कात्रजला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, दोन्ही मुलांना इंजिनियर केलं. बोलण्यातलं वऱ्हाडी मात्र पुण्यानं काही काढून घेतलं नाही. त्यांचे वडील कोंडीराम छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. तेव्हापासून तायड्यांच्या घरात ना सत्यनारायण, ना पत्रिका, ना मुहूर्त. बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या शेजारी बावीस प्रतिज्ञांची चौकट. मुलांना अक्षरओळख झाल्यावर रतनरावांनी पहिलं वाचन त्या चौकटीवरूनच घेतलं होतं. लेकीचं नाव दीक्षा ठेवलं ते काही उगीच नाही.

लेक लग्नाचा विषय काढला की ताटावरून उठते, तेव्हा रतनरावांनी आपला मोर्चा मुलाकडे, समाधानकडे वळवला. समाधान चाकणला नोकरीला, स्वभावानं लाजाळू. आता ह्या बापानं काय करावं? दीक्षाच्या लॅपटॉपवर ती साइट त्यांनी बनताना पाहिली होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांना 'माह्या पोरीनं केली' म्हणून फोनवर दाखवली होती. मग गुपचूप त्याच साइटवर त्यांनी समाधानचं नाव नोंदवलं. बायकोला, शैलाबाईंना, सांगितलं आणि पोरांना काही बोलू नको म्हणून बजावलं. स्थळ ठरलं की एकदम सांगू, असा बेत.

दीक्षाला हे कळलं ते एका आडव्या फोटोमुळे. कुणाचा तरी फोटो पानावर आडवा दिसतोय अशी नम्रताताईंची तक्रार आली. दीक्षा दुपारी एकेक पान उघडून बघत होती, आणि एका पानावर तिला आपला भाऊ दिसला. निळा शर्ट, तिनंच वाढदिवसाला घेतलेला. आधी तिला हसू आलं. म्हटलं, बाबांनी बरोबर गाठलं ह्याला. मग तिची नजर मधल्या चौकटीवर गेली.

लाल पट्टी नव्हती. तिथे तिनंच बनवलेलं पत्रिका कार्ड होतं, आणि ते काठोकाठ भरलेलं होतं. समाधान रतन तायडे. रास, नक्षत्र, गण, नाडी, सगळं जागच्या जागी. खाली तिच्याच हिरव्या अक्षरांत, 'मंगळ: नाही.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी वाटलं, केंद्रातल्या कुणीतरी ठोकून दिलं असणार, आज त्यांची खैर नाही. मग तिनं कार्डाला जोडलेला पत्रिकेच्या कागदाचा फोटो उघडून पाहिला. वर गणपती, खाली कुठल्यातरी पेठेतल्या ज्योतिष कार्यालयाचा शिक्का, आणि कोपऱ्यात बाबांचा अंगठा आला होता, नखावर कारखान्यातल्या जुन्या जखमेचा वळ असलेला. तिनं लॅपटॉप मिटला, बरं नाही म्हणून सांगितलं आणि स्कूटर काढली. कात्रजपर्यंतच्या सगळ्या सिग्नलला तिनं त्या दिवशी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

रतनराव टीव्हीसमोर शेंगा सोलत बसले होते.

"बाबा, हे काय आहे?" तिनं फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

त्यांनी हात झटकले, चष्मा शोधला, सावकाश पाहिलं. "ते होय. समाधानचं पान हाय ते. तुले सांगणारच होतो. जमलं का नीट?"

"पत्रिका कुठून आणलीत?"

"पेठेतून. कॉम्प्युटरवर काढून देते तो." रतनराव जरा चाचरले. "त्यानं जन्मवेळ इचारली, मले कुठं ध्यानात. सकाळचा भोंगा झाला अन् मंग दवाखान्यातून निरोप आला होता, तेवढं सांगितलं. त्यानं बसवलं कसं तरी."

"अहो पण कशाला? तुम्ही? तुम्ही पत्रिका काढायला गेलात?" दीक्षाचा आवाज चढला. "त्या भिंतीवर काय लावलंय ते वाचता येतं ना अजून?"

आतून शैलाबाई बाहेर आल्या. "म्या नको म्हटलं होतं," एवढंच बोलून त्या दारात उभ्या राहिल्या.

रतनराव मान खाली घालून टरफलं गोळा करायला लागले. "लाल पट्टी येत होती न वर. अपूर्ण, अपूर्ण. कोणाचा फोन येईना. मंग केंद्रातल्या पोरीलेच फोन केला. म्हटलं, आमच्यात पत्रिका नसते बाई. ते म्हणे काका, सिस्टीम घेत नाही. मंग म्या इचार केला, सिस्टीम तं माह्या पोरीनं केली. तिनं मांगतली म्हणजे लागत असन काही तरी."

समोर साहेब असते, नम्रताताई असत्या, तर दीक्षानं सालटी काढली असती. हा माणूस तिच्यावर विश्वास ठेवून पेठेत गेला होता. जी पट्टी लांबून दिसावी म्हणून तिनं रंग निवडून लावला होता, ती तिच्या बापाला बरोबर लांबून दिसली होती. तिला संताप आला तो आधी त्यांचा, मग स्वतःचा, आणि मग मीटिंगच्या खोलीतल्या त्या शांत माणसांचा. शेवटचा संताप तिनं जपून ठेवला.

रात्री जेवताना रतनरावांनी दोनदा मीठ बरोबर आहे का असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं दोन गोष्टी केल्या. बौद्धांचं कार्ड बनवलं, एक दिवस म्हणाली होती ते दुपारपर्यंतच झालं. आणि मग चाचणीच्या साइटवर, जी फक्त कंपनीला आणि गिऱ्हाइकाला दिसते, तिथे शेवटची ती ओळ बदलली. काहीच न जुळल्यास पत्रिका कार्ड, असं होतं. तिथे तिनं लिहिलं, काहीच न जुळल्यास बौद्ध कार्ड. डिक्लेरेटिव्ह पद्धतीची हीच तर खुबी. पानोपान हिंडून काही बदलावं लागत नाही. काय हवं ते एका जागी सांगा, बाकी सगळी पानं मुकाट्यानं ऐकतात.

नम्रताताई आठवड्याच्या शेवटी काम बघायला आल्या. अनिरुद्ध सरांनी बाकरवडी मागवली होती. मोठ्या पडद्यावर दीक्षा एकेक पान दाखवत गेली. आडवा फोटो सरळ झालेला पाहून ताई खूश झाल्या.

"आमच्या साईचं उघडा हो," त्या म्हणाल्या. "बहिणीचा मुलगा. त्याचा फोटो छान आलाय."

दीक्षा त्याचीच वाट बघत होती. तिनं शोधून ठेवलं होतं, की साईच्या पानावर समाजाचा रकाना मोकळा आहे. आपल्याच घरातला मुलगा, त्याला कोण विचारणार तू कोण म्हणून? आजवर तिथे डीफॉल्टचं पत्रिका कार्ड येत होतं आणि ते त्याला असं चपखल बसत होतं, की रकाना मोकळा राहिलाय हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पान उघडलं. मधल्या चौकटीत शब्द होते, 'विवाह बौद्ध पद्धतीने. पत्रिका पाहत नाही.' आणि त्याखाली लांबून दिसेल अशी लाल पट्टी. 'बावीस प्रतिज्ञा घेतल्याचा दिनांक दिलेला नाही. प्रोफाइल अपूर्ण.'

नम्रताताईंच्या हातातली बाकरवडी हातातच राहिली. "अहो, हे काय? हे आमचं नाही."

"डीफॉल्ट आहे ताई," दीक्षा शांतपणे म्हणाली. "सगळ्यांनाच लागतं."

"अहो पण आमच्या घरी कुणी घेतलेल्या नाहीत त्या. कुठून देणार दिनांक?"

"बघा कुठून मिळतोय का. तोवर साई यादीत सगळ्यांत खाली दिसेल."

"दीक्षा," अनिरुद्ध सर दबक्या आवाजात म्हणाले, "हे काय चाललंय? आपण हे नंतर..."

"फेज टूमध्ये घेऊ या ना सर. व्हॅलिड पॉइंट आहे."

पुन्हा तीच शांतता झाली. ह्या वेळी दीक्षानं ती कुणाला चष्म्यात आणि चहात घालवू दिली नाही. तिनं समाधानचं पान उघडलं आणि सांगितलं, हा माझा भाऊ. हे कार्ड भरायला माझे वडील ज्योतिषाकडे गेले. सत्तरीला आलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा. तुमच्या केंद्रातल्या मुलीला त्यांनी आधी सांगितलं होतं, की आमच्यात नसते. तिनं सांगितलं, सिस्टीम घेत नाही. "तुम्ही आत्ता म्हणालात ना, हे आमचं नाही म्हणून? तुम्हाला म्हणता आलं. माझ्या वडिलांना तेही म्हणता आलं नाही, कारण सिस्टीम मी केली होती."

नम्रताताईंचा चेहरा उतरला. बाई दुष्ट नव्हती, हेच जास्त चीड आणणारं होतं. "तेव्हा नीट समजावून सांगायचं ना मला," त्या म्हणाल्या.

"ह्याच खोलीत सांगितलं होतं. आमच्यात नसते, असं."

"मला वाटलं, तुमच्या घरी करायची राहून गेली असेल."

हातातली बाकरवडी खाली ठेवून नम्रताताई म्हणाल्या, की पट्टी काढून टाका, सगळीकडचीच, आणि बौद्धांचं कार्ड आजच चढवा. मग जरा थांबून, "आणि काही जुळलं नाही तर चौकट मोकळी राहू दे. ज्यांनी त्यांनी काय ते सांगावं." अनिरुद्ध सरांनी लगेच हे आपल्याच मनात होतं अशा थाटात मान हलवली. नंतर दीक्षाला बाजूला घेऊन ते म्हणाले, की मुद्दा बरोबर होता पण जरा सौम्यपणे मांडता आला असता. "सौम्यपणे मेल केला होता," ती म्हणाली. "तुम्ही अंगठा दाखवलात."

संध्याकाळी ती घरी आली ती जवळजवळ शीळ घालत. रतनरावांना तिनं शेजारी बसवलं आणि पान दाखवलं. कार्ड बदललं होतं, लाल काही नव्हतं. पडद्यावरून कार्ड गेलं तरी भरलेली माहिती आत तशीच पडून असते, हे तिनं त्यांना समजावलं आणि पुसायचं बटण पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून, बोट नीट रोखून ते दाबलं. रास गेली, नक्षत्र गेलं. मग त्यांनी नवीन कार्ड मोठ्यानं वाचलं, अगदी पोरांना प्रतिज्ञा वाचायला शिकवत तसं, एकेक शब्द सुटा करून.

"चांगलं केलं," ते म्हणाले. "लय चांगलं केलं."

"मग? झालं ना आता?"

रतनराव तिच्याकडे न बघता म्हणाले, "दीक्षू, एक सांगू? त्या माणसानं कागद काढला न, अन् म्हणे पोराले मंगळ नाही. तवा मले बरं वाटलं."

दीक्षानं फोन बाजूला ठेवला.

"घरी येतानी बसमधी बसलो तवा ध्यानात आलं, का म्या भेलो होतो. आबा नागपूरले जाऊन आले तवापासून आपल्या घरात त्या मंगळाले कोणी भेलं नव्हतं, बाई. ते कुठलं बटण दाबून पुसू?"